आवक, जावक आणि दोन पूल

“तू तिकडे नक्की करतोस तरी काय?”

उसगावात स्थायिक झालेल्या (किंवा आपण स्थायिक झालेलो नाही असं वर्षानुवर्षं म्हणत राहिलेल्या) प्रत्येक मराठी पोराला हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातो. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, बँकेच्या रांगेत. मी आजवर “कॉम्प्युटरमध्ये आहे” असं सांगून वेळ मारून नेत आलो. समोरच्यालाही तेवढंच हवं असतं, कारण त्याचा पुढचा प्रश्न पगाराचा नाहीतर ग्रीन कार्डाचा असतो.

जानेवारी २०२४ मध्ये मात्र हा प्रश्न बाबांनी विचारला. त्यांची बायपास होऊन तीन आठवडे झाले होते. सांगलीच्या घरी, खिडकीजवळच्या पलंगावर ते बिनसाखरेचा चहा घेत बसलेले. टीव्हीचा कंटाळा आलेला, पेपर पुन्हा पुन्हा वाचून झालेला. म्हणाले, “पीएचडी केलीस, त्याचे पेढे वाटले आम्ही. पण कशात केलीस ते कुणी विचारलं की तुझी आई माझ्याकडे बघते आणि मी तिच्याकडे. आज नीट सांग. मला वेळ आहे आणि तुलाही रजा आहे.”

बाबा सांगली जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. नोकरीतली बरीच वर्षं आवक-जावक विभागात गेली. संगणकाशी त्यांचा संबंध व्हॉट्सॲपपुरता. मी विचार केला, रस्ते, पाट्या आणि पत्रं या तीन गोष्टी यांना माझ्यापेक्षा जास्त कळतात. तेवढ्या भांडवलावर जमायला हवं. आणि मग त्यांना मी आदल्या ऑक्टोबरात हापिसात घातलेल्या घोळाची गोष्ट सांगितली. तीच इथे सांगतो. तांत्रिक भाग आहे, पण सांगलीमार्गे जाणार आहे, तेव्हा घाबरू नका.

*

मी नॉर्थ कॅरोलायना राज्यात राहतो. आमच्या कंपनीनं २०२३ मध्ये एक लहान कंपनी विकत घेतली. त्यांची गोदामं, त्यांची माणसं आणि त्यांचं जुनंपानं नेटवर्क, सगळं आमच्यात आलं. दोन घरं एक झाली की स्वयंपाकघरात जे होतं तेच नेटवर्कमध्ये होतं. प्रत्येकाची मीठ-मसाला ठेवायची जागा वेगळी आणि प्रत्येकाला आपलीच बरोबर वाटते.

इंटरनेटवरची माहिती पॅकेट नावाच्या लहान लहान पुडक्यांतून जाते. प्रत्येक पुडक्यावर पत्ता असतो. वाटेतल्या प्रत्येक चौकात राउटर नावाचं यंत्र बसलेलं असतं. ते पत्ता वाचून पुडकं पुढच्या चौकाकडे ढकलतं. कुठला पत्ता कुठल्या दिशेला, हे राउटर एकमेकांना सांगून शिकतात. या सांगासांगीच्या भाषा मात्र अनेक आहेत. आमच्याकडची भाषा ओएसपीएफ. विकत घेतलेल्या कंपनीची भाषा रिप, तीही तिची पहिली, अगदी जुनी आवृत्ती. (आद्याक्षरं जुळवली तर इंग्रजी थडग्यावर लिहितात तेच नाव होतं. नेटवर्कवाले हा विनोद गेली तीसेक वर्षं करतायत.)

दोन भाषांच्या मध्ये दुभाषा लागतो. सीमेवरचा एक राउटर दोन्ही भाषा शिकतो आणि इकडचे रस्ते तिकडे आणि तिकडचे इकडे सांगतो. याला आमच्यात रीडिस्ट्रिब्यूशन म्हणतात, म्हणजे फेरवाटप. एक दुभाषा होताच. माझं काम होतं दुसरा बसवायचं. पहिला बंद पडला तर दोन्ही घरांचा संबंध तुटू नये, एवढाच उद्देश. मी पहिल्याच्या सूचना जशाच्या तशा दुसऱ्यावर उतरवल्या. जवळची तीन ठिकाणं तपासली. तिन्ही चालू. वार शुक्रवार, वेळ दुपारी चार. शुक्रवारी दुपारी नेटवर्कला हात लावू नये हा आमच्या धंद्यातला आद्य नियम आहे. मी तो मोडला आणि घरी गेलो.

सहा वाजता फोन आला. सगळ्यात लांबच्या गोदामात संध्याकाळच्या पाळीची माणसं उभी, खोक्यांवर चिकटवायची लेबलं छापली जात नाहीत, दारात ट्रक थांबलेले.

*

इथे बाबांना मी थांबवलं आणि सांगलीत आणलं.

आपली कृष्णा घ्या. एका तीरावर सांगली, पलीकडे सांगलीवाडी, आणि वाडीच्या पुढे इस्लामपूरच्या रस्त्यावर आष्टा. नदीवर दोन पूल धरू. एक १९२९ सालचा आयर्विन पूल आणि दुसरा बायपासचा. (बायपास शब्दावर बाबा हसले. हसताना छातीवर उशी धरावी लागायची, तशी धरली.)

आता अशी कल्पना करा की वाडीच्या बाजूचे लोक अंतर थांब्यांत मोजतात. आष्टा सात थांबे, डिग्रज तीन थांबे, असं. ही रिपची पद्धत. सांगलीच्या बाजूचे लोक अंतर मिनिटांत मोजतात. साधारणपणे ही ओएसपीएफची पद्धत. प्रत्येक पुलावर एक पाटीवाला बसलाय. त्याला दोन्ही मोजमापं वाचता येतात, पण एकाचं दुसऱ्यात रूपांतर करता येत नाही. सात थांबे म्हणजे किती मिनिटं? कुणास ठाऊक. म्हणून तो एक ठरावीक आकडा ठोकून देतो.

आयर्विनवरच्या पाटीवाल्याला वाडीकडून कळलं, आष्टा सात थांबे. त्यानं सांगलीच्या बाजूला पाटी लावली, ‘आष्टा: या पुलावरून, २० मिनिटं.’ पाटी बरोबरच आहे. सांगलीभर बातमी पसरली आणि गावातून फिरत बायपासच्या पुलावरच्या पाटीवाल्यापर्यंत पोचली.

आता या दुसऱ्याकडे आष्ट्याबद्दल दोन बातम्या झाल्या. वाडीकडून आलेली, आठ थांबे. सांगलीकडून आलेली, वीसेक मिनिटं. तुलना करता येत नाही. मग त्यानं काय करायचं? त्याच्याकडे एक नियमाचं पुस्तक आहे. कुठल्या भाषेवर किती भरवसा ठेवायचा याचे क्रमांक त्यात छापलेत. आमच्याकडच्या यंत्रांत ओएसपीएफचा क्रमांक ११०, रिपचा १२०. जो लहान तो विश्वासू. म्हणजे सांगलीची बातमी खरी मानायची. तर बायपासच्या पाटीवाल्यानं ठरवलं, आष्ट्याला जायचं तर सांगलीत शिरून आयर्विनवरून जायचं.

बाबा म्हणाले, “मूर्ख आहे. तो आष्ट्याच्याच तीराला उभा आहे की.”

मूर्ख आहेच, पण इथपर्यंत फक्त उलटा फेरा पडतो, माणूस पोचतो. खरी गंमत पुढे. हा पाटीवाला इमानदार आहे. सांगलीकडून कळलेली प्रत्येक गोष्ट वाडीला सांगायची हे त्याचं काम. म्हणून तो वाडीच्या बाजूला पाटी लावतो, ‘आष्टा: या पुलावरून.’ किती थांबे? ठोकून दिलेला आकडा, एक.

वाडीच्या चौकातल्या माणसाला आजवर आष्टा सात थांबे माहीत होतं. आता बायपासच्या पुलावरून एक-दोन थांब्यांत आष्टा, अशी पाटी लागली. तो साहजिकच पुलाकडे वळतो. पूल ओलांडून सांगलीत येतो. सांगली त्याला आयर्विनवर पाठवते. आयर्विनवरून तो पुन्हा वाडीच्या चौकात येतो. चौक त्याला बायपासच्या पुलाकडे पाठवतो. आष्टा समोर पश्चिमेला आहे आणि हा कृष्णेला प्रदक्षिणा घालतोय. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी.

जवळची तीन ठिकाणं का चालली, हेही इथेच कळतं. जी गावं चौकापासून एका थांब्यावर आहेत त्यांच्या बाबतीत खोटी पाटी खऱ्यापेक्षा जवळची ठरत नाही. फसतं ते फक्त लांबचं गाव. मी नेमकी जवळची तपासली होती.

*

त्या रात्री मी घरून लॅपटॉप उघडून ट्रेसराउट चालवलं. प्रत्येक पुडक्याच्या कपाळी एक आयुष्य लिहिलेलं असतं, लिनक्सच्या यंत्रावर बहुधा ६४, विंडोजवर १२८. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. शून्य झालं की पुडकं फेकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसं कळवतो. व्हॅन जेकबसन या अमेरिकन संशोधकानं १९८० च्या दशकाच्या शेवटी या गुणधर्माचा फायदा घेऊन ट्रेसराउट लिहिलं. आधी आयुष्य एक असलेलं पुडकं पाठवायचं, मग दोन, मग तीन. प्रत्येक जण जिथे मरतो तिथलं नाव कळतं आणि रस्ता उलगडतो. माझ्या पडद्यावर तीन नावं उलगडली आणि मग तीच तीन, पुन्हा तीच तीन.

सुरुवातीला मला वाटलं, गोदामाचाच राउटर बिघडलाय. तिथल्या माणसाला फोनवर म्हटलं, बंद करून चालू कर. (पीएचडीनंतरही पहिला उपाय तोच असतो.) त्यानं बंद केला. मी सहज तक्ता बघितला आणि हात थांबला. गोदामाचा राउटर बंद होऊन काही मिनिटं झाली होती, तरी आमचे दोन्ही दुभाषे त्या गोदामाचा रस्ता छातीठोकपणे दाखवत होते. आयर्विनवाला म्हणत होता, वाडीच्या चौकानं सांगितलं. चौक म्हणत होता, बायपासवाल्यानं सांगितलं. बायपासवाला म्हणत होता, सांगलीत बोलतात. सांगलीत कुणी सांगितलं? आयर्विनवाल्यानं. मूळ गाव नकाशावरून गेलं तरी त्याची बातमी तिघाचौघांच्या खांद्यावर हात टाकून उभी होती.

आता जाणकार वाचक म्हणतील, रिपमध्ये याला उतारा आहे. आहे. १९८८ च्या जूनमध्ये रिपचा नियम आरएफसी १०५८ म्हणून लिहिला गेला, त्यात पंधरा थांब्यांची मर्यादा आहे. सोळा म्हणजे रस्ता नाही. नुसत्या रिपमध्ये अशी अफवा गोल फिरू लागली तर प्रत्येक फेरीला आकडा वाढत जातो आणि सोळाला पोचून अफवा मरते. पण आमच्याकडे प्रत्येक फेरीत पूल लागत होता, आणि पुलावर आकडा पुसून पुन्हा एक लिहिला जात होता. दर फेरीला तिचा पहिला वाढदिवस. ती म्हातारी होणार कशी?

भाषा बदलताना इतिहास पुसला जातो, आणि फेऱ्याचं मूळ तिथे आहे. ओएसपीएफ आपापल्या घरात शहाणं आहे, रिप आपल्या परीनं शहाणं आहे. घोळ होतो तो उंबरठ्यावर.

*

“असं तुझ्या एकट्याच्याच हातून झालं का?” बाबांनी विचारलं. वडिलांना हे आधी जाणून घ्यायचं असतं.

नाही, माझ्यापेक्षा फार मोठी माणसं यात पडली आहेत. दिवस २५ एप्रिल १९९७, वार (अर्थातच) शुक्रवार. जगातली मोठी नेटवर्कं आपसात बीजीपी नावाची भाषा बोलतात. त्यात प्रत्येक नेटवर्कला एक क्रमांक असतो. त्या सकाळी अमेरिकेतल्या ७००७ क्रमांकाच्या एका लहान नेटवर्कमधून अचानक हजारो रस्त्यांची घोषणा झाली, की इंटरनेटचा मोठा भाग आमच्याकडून जातो. बड्या बड्या पत्त्यांचे २५६-२५६ चे तुकडे झाले होते, आणि राउटर नेहमी जास्त नेमक्या पत्त्यावर विश्वास ठेवतात. शिवाय प्रत्येक रस्ता कुठून कुठून आला याची जी यादी सोबत असते ती पुसली जाऊन तिथे फक्त ७००७ उरलं होतं. जगभरचं दळणवळण त्या एका बोळात शिरलं आणि गडप झालं. ज्या राउटरपासून हे सुरू झालं त्याची जोडणी काढून टाकली तरी खोटे रस्ते इतरांच्या तक्त्यांत काही तास फिरत राहिले. अनेक अभियंत्यांनी तेव्हा केलेलं आणि आजही सांगितलं जाणारं निदान हेच, की बीजीपीचे रस्ते आतल्या एका जुन्या भाषेत ओतले गेले आणि तिथून परत बीजीपीत आले. इतिहास उंबरठ्यावर पुसला गेला.

आणि बीजीपीची सगळी मदार त्या इतिहासावरच आहे. जानेवारी १९८९ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला इंटरनेटच्या अभियंत्यांची बैठक होती. तिथे जेवताना कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्तर या दोघांनी बीजीपीचा आराखडा कागदी रुमालांवर काढला. त्याच वर्षी जूनमध्ये तो आरएफसी ११०५ म्हणून आला. मुख्य युक्ती एका ओळीची आहे. रस्त्याची बातमी पुढे देताना प्रत्येकानं तिच्यावर आपला क्रमांक लिहायचा. आणि आलेल्या बातमीवर आपलाच क्रमांक दिसला तर ती घ्यायची नाही.

हे ऐकून बाबा उशी सावरत जरा उठून बसले. “हे आमचंच आहे की रे.”

मग त्यांनी मला आवक-जावक शिकवलं. आलेल्या प्रत्येक कागदाला आवक क्रमांक. नोंदवहीत रकाने: तारीख, कोणाकडून आले, त्यांचा जावक क्रमांक, विषय, कोणाकडे दिले. “आता समज, आपण पंचायत समितीला एक पत्र धाडलं. त्यांनी ते पुढे तहसीलला लावलं. तहसीलनं नवा शिक्का मारून आपल्याकडे पाठवलं. नवा कारकून असेल तर नवीन पत्र म्हणून घेतो आणि साहेबांसमोर ठेवतो. साहेब म्हणतात, बघा, तहसीलचंही तेच म्हणणं आहे. अरे, ते आपलंच म्हणणं! म्हणून संदर्भ बघायचा. संदर्भात आपला जावक नंबर दिसला की कागद बाजूला.”

मी अमेरिकेत पाच वर्षं घालवून जे शिकलो, ते आमच्या घरात होतं. असो.

*

तर उपाय काय केला? त्या रात्री एक पूल तोडला. म्हणजे दुसऱ्या दुभाष्याचं तोंड बंद केलं. एकच दुभाषा असेल तर असा फेरा पडायला वाटच उरत नाही. लेबलं छापायला लागली, ट्रक उशिरा का होईना सुटले.

पण दुसरा पूल हवाच होता. पुढच्या आठवड्यात तीन गोष्टी केल्या. पहिली, शिक्का. ओएसपीएफमध्ये बाहेरून आणलेल्या रस्त्यावर एक आकडा चिकटवायची सोय पहिल्यापासून आहे. वाडीकडून आलेल्या प्रत्येक रस्त्यावर दोन्ही दुभाष्यांनी ठरलेला शिक्का मारायचा, आणि शिक्का असलेला रस्ता परत वाडीला सांगायचा नाही. दुसरी, उलट दिशा. रिपच्या दुसऱ्या आवृत्तीत शिक्क्यासाठी जागा आहे. आमच्याकडच्या पहिल्या आवृत्तीत तो रकानाच नाही. रकाना नसेल तर नोंद कुठे करणार? म्हणून वाडीला सांगलीचे तपशील सांगणंच थांबवलं. त्यांना एकच पाटी दिली, ‘वाडीबाहेरचं जे काही असेल ते पुलाकडे.’ जी माहिती दिलीच नाही ती बदलून परत येत नाही. तिसरी, नियमाचं पुस्तक. वाडीच्या गावांबद्दल वाडीचं म्हणणं आधी ऐकायचं, असं दोघांनाही बजावलं.

हे सगळं सोपं वाटतं, कारण पूल दोनच होते. २००७ मध्ये फ्रँक ले, जेफ्री झी आणि हुई झांग या तीन संशोधकांनी एका निबंधात दाखवून दिलं, की अशा फेरवाटपाची कुठलीही मांडणी दिली तर तिच्यात फेरा पडू शकतो का, हे ठरवणं एनपी-हार्ड आहे. म्हणजे नेटवर्क मोठं होत गेलं की दरवेळी झटपट आणि अचूक उत्तर देईल अशी रीत कुणाला माहीत नाही, आणि ती सापडेल अशी आशाही फारशी नाही. म्हणून शहाणा माणूस मांडणी तपासत बसण्यापेक्षा अशी मांडणी निवडतो की फेरा पडूच शकणार नाही. माझं संशोधन याच गल्लीतलं आहे. आणि या गल्लीतल्या माणसानं शुक्रवारी दुपारी सूचनांची नक्कल करून घर गाठलं, ह.घ्या.

सोमवारी चौकशीची बैठक झाली. मी उत्तरं पाठ करून गेलो होतो. इथे एक गोष्ट मला अजून नवी वाटते. बैठकीत ‘कोणी केलं’ हा प्रश्न निघालाच नाही. ते सगळ्यांना माहीतच होतं. प्रश्न निघाला तो असा, की तू जवळची तीन ठिकाणं तपासलीस तेव्हा तुला सगळं ठीक आहे असं कशावरून वाटलं? मी म्हटलं, कारण तक्त्यात सगळे रस्ते दिसत होते. माझी मॅनेजर म्हणाली, रस्ते दिसत होते, पण ते कुणी सांगितलेले होते हे बघितलंस का? नव्हतं बघितलं.

*

इथपर्यंतची गोष्ट मी बाबांना सांगितली. पुढची सांगितली नाही. ती त्यांना माहीत होती.

त्या बैठकीला दोन महिनेही झाले नव्हते. डिसेंबरात एका सोमवारी बाबांच्या छातीत दुखलं. मिरजेच्या एका इस्पितळात दाखल केलं. मी एकुलता. सोबत आई आणि चुलतभाऊ. आमच्यात आणि सांगलीत हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक. आई फोनवर म्हणाली, “तपासण्या चालल्यात, तू काळजी करू नको.” आईचा आवाज बरा वाटला.

मंगळवारी नागपूरहून मावशीचा फोन आला. “काय म्हणतायत रे डॉक्टर?” मी म्हटलं, “दोन दिवसांत घरी सोडतील.” मी डॉक्टरांशी बोललो नव्हतो. आईच्या आवाजावरून बांधलेला तो अंदाज होता. आणि खरं सांगायचं तर मावशीला धीर द्यावा म्हणून मी त्यातला ‘बहुतेक’ गाळला. एक शब्द.

मावशीनं न्यू जर्सीत असलेल्या आपल्या मुलीला, आमच्या ताईला, सांगितलं. बुधवारी संध्याकाळी ताईचा मला फोन आला. “अरे, आत्ताच आईशी बोलले. दोन दिवसांत काकांना सोडतायत म्हणे. इतक्या महागाचं तिकीट कशाला काढतोस? नाताळात आरामात जा.” मी त्या रात्रीचं तिकीट काढायच्या बेतात होतो. मला बरं वाटलं. नागपूरहूनही तेच कळलंय म्हणजे पक्कं, असं मी स्वतःला सांगितलं. पान बंद केलं.

तिकडे आईलाही मावशीनं तेच सांगितलं होतं. आईला वाटलं, मी इकडून डॉक्टरांशी बोललोय. माझ्यापासून काही लपवतायत असं नाही. म्हणून तिनंही डॉक्टरांना फार विचारलं नाही. मी मावशीवर विसंबून, मावशी माझ्यावर, आई आम्हा दोघांवर. प्रश्न सांगली, नागपूर, न्यू जर्सी आणि नॉर्थ कॅरोलायना असा गोल फिरत राहिला. डॉक्टरांचं दार इस्पितळातल्या त्याच मजल्यावर होतं. तिथे तो पोचलाच नाही.

गुरुवारी डॉक्टरांनी आपणहून आईला आणि भावाला बोलावलं. तीन ठिकाणी अडथळे, उद्याच बायपास. शुक्रवारी कागदावर सही चुलतभावानं केली. मी पुढच्या बुधवारी पोचलो. तोवर बाबा अतिदक्षता विभागातून बाहेर आले होते. सगळं निभावलं. निभावलं नसतं तर हे लिहायला मी बसलो नसतो.

विमानात मी सगळे फोन आठवून क्रमानं मांडले. आमच्या तिन्ही नावांची ती यादी पुन्हा पुन्हा तशीच येत होती. मंगळवारचं माझंच वाक्य बुधवारी ताईच्या आवाजात परत आलं होतं, आणि मी ते ओळखलं नव्हतं. ओळखणार कसा? मध्ये दोन उंबरठे लागले होते. ‘बहुतेक’ मी स्वतः पुसला होता, आणि ‘तो म्हणतो’ हे नागपुरात गळून पडलं होतं. माझ्याकडे आलं तेव्हा त्यावर फक्त मावशीचा शिक्का होता, आणि मावशीचा क्रमांक माझ्या पुस्तकात माझ्या शंकेपेक्षा विश्वासू होता.

व्हॉट्सॲपनं २०१८ च्या जुलैमध्ये पुढे ढकललेल्या निरोपावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली. अफवांपायी आपल्याकडे माणसं मारली गेली, त्यानंतरची ही गोष्ट. खूण बरी आहे, पण ती एवढंच सांगते की हा निरोप दुसऱ्याचा आहे. कोणाचा, हा रकाना तिथेही नाही. तो आपण तोंडानं भरायचा असतो.

बाबांना मी उशीर का झाला हे सांगायला सुरुवात केली होती, आल्या दिवशीच. त्यांनी हातानं थांबवलं. पण त्या जानेवारीतल्या दुपारी, पुलांची गोष्ट संपल्यावर, चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले, “तुझ्या मावशीला मी कधी रागावणार नाही. तिनं आलेला कागद पुढे पाठवला. पण तुझा जावक नंबर तरी टाकायचास.”

हल्ली मी दर रविवारी सकाळी फोन करतो. आई तब्येतीचं सांगते ते असं: “बीपी एकशेतीस. मी स्वतः बघितलं, आज सकाळी आठला. गोळी बदलली, डॉक्टरांनी, मंगळवारी, माझ्यासमोर. आणि पायाला सूज नाही असं तुझे बाबा म्हणतात, मी अजून बघितलेली नाही.” मागून बाबांचा आवाज येतो, “बघून मग नोंद कर.”